दोनदा वजा झालेले दहा

धाकटे येणार ही वार्ता घरात चार दिवस आधीच पोहोचली होती. तरीही त्या रविवारी सकाळी फाटकाची कडी वाजली तेव्हा थोरल्यांच्या हातातला पाना निसटून फरशीवर पडला. आधी एकदा, मग क्षणभर थांबून दोनदा, अशी कडी वाजवणारा मनुष्य जगात एकच होता, आणि चौदा वर्षांत तो या फाटकाशी आला नव्हता.

मागच्या शेडच्या दारातून त्यांनी पाहिले. पुढे पुतणी होती, जिला पाळण्यात असल्यापासून सारे घर ठिणगी म्हणत आले होते. तिच्या मागून, डावा पाय किंचित बाहेर टाकीत, धाकटे अंगण ओलांडीत होते. केस पार पांढरे झालेले. तीन वर्षांपूर्वी ठिणगीची आई गेली तेव्हा हे दोघे भाऊ एकाच खोलीच्या दोन भिंतींशी उभे राहिले होते. त्या दिवशी मान वर करून नीट पाहण्याचे धैर्य थोरल्यांना झाले नव्हते. आज त्यांनी पाहिले, आणि मनात आले, हा तर हुबेहूब नानांसारखा दिसू लागला.

"या," ते म्हणाले. पाठच्या भावाला त्यांनी आयुष्यात प्रथमच अहोजाहो केले होते, आणि शब्द तोंडातून सुटताच ते स्वतःच ओशाळले.

धाकट्यांनी मान हलवली. गाडी शेडमध्येच आहे ना, एवढेच त्यांनी विचारले, आणि तेही मुलीला.

शेडच्या मधोमध, लाकडी ठोकळ्यांवर, नानांची मोटरसायकल होती. खरे तर तिची केवळ चासी होती आणि पुढचे चाक. नाना म्हणजे या भावंडांचे वडील; त्यांच्यामागे ती गाडी थोरल्यांच्या घरी राहिली, आणि अपघातानंतर ताडपत्रीखाली गेली. गेले सात महिने ठिणगी दर सुट्टीला येऊन तिच्यावर राबत होती. दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या आणि धातूच्या टोप्या घडवणाऱ्या प्रयोगशाळेत ती कामाला होती, त्यामुळे बारीक कामाचा हात तिला होताच. वेल्डिंग ती काकांकडून शिकली. इंजिन उघडून, नव्या रिंगा घालून, पुन्हा बांधून, तान्ह्या मुलासारखे कापडात गुंडाळून तिने बाकावर ठेवले होते. लांब दुहेरी सीट, मोठाली मडगार्डे, बाजूच्या पेट्या, सारे उतरवले होते. या जुन्या गाडीची तिला कॅफे रेसर करायची होती: हँडल खाली आणि अरुंद, फुटरेस्ट मागे सरकवलेले, चालवणारा टाकीवर वाकलेला, शेपटी आखूड आणि सीट एकट्यापुरती. ही कल्पना प्रथम ऐकली तेव्हा थोरल्यांना ती एका प्रकारच्या वैराग्यासारखी वाटली होती आणि ते तसे बोलूनही गेले होते. त्यावर काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणाल्या होत्या, की वैराग्य घेणाऱ्याला एवढे नवे सामान कसे काय लागते.

आजवरचे काम उलटवता येण्याजोगे होते. जे उतरवले ते पुन्हा चढवता आले असते. परंतु आता चासीचा मागचा भाग कापायचा होता, आणि त्या जागी घोड्याच्या नालासारखी वाकवलेली नळी जोडायची होती. कापलेले पोलाद पुन्हा पूर्ववत होत नाही. म्हणून ठिणगी थांबली होती. बाबांनी येऊन पाहिल्याशिवाय कापणार नाही, आणि त्यांनी हो म्हटल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढणार नाही, असे तिने काकांना सांगितले होते. सव्वीस वर्षांची कमावती मुलगी. तिला कुणाच्या होकाराची गरज नव्हती. पण बाबांचा पाय ज्या गाडीखाली गेला तीच गाडी त्यांच्या मनाविरुद्ध चालवणे तिला जमणार नव्हते, आणि तिचे ते म्हणणे थोरल्यांना मनोमन पटले होते.

शिवाय धाकट्यांचा नकार आलाच तर तो आपल्या हातच्या कामाला असेल, हे थोरल्यांना ठाऊक होते. थोरले टर्नर, उभी हयात लेथवर गेली. चौदा वर्षांपूर्वी मागच्या चाकाच्या आसावरचे बुश, म्हणजे आसावर चढणारी धातूची गोल बाही, झिजले तेव्हा, दुकाने बंद म्हणून, त्यांनी हाताशी पडलेल्या एका दांड्यातून ते स्वतः घडवले. तिसऱ्या दिवशी उतारावर ते बुश फुटले आणि चाक जागच्या जागी अडकले. चालवणारे थोरले गवतात फेकले गेले. मागे बसलेल्या धाकट्यांचा गुडघा गाडीखाली सापडला. धाकट्यांनी त्यांना कधी एक शब्द विचारला नाही. विचारले असते, शिव्या घातल्या असत्या, तर थोरल्यांनी त्या प्रसादासारख्या स्वीकारल्या असत्या. पण धाकटे इस्पितळातून आपल्या घरी गेले ते गेलेच. त्यानंतर थोरल्यांनी लेथवर दारांच्या मुठी घडवल्या, दिव्यांच्या बैठका घडवल्या, खुर्च्यांचे गोल पाय घडवले. ज्यावर कुणाचा जीव तोलला जाईल अशी एकही वस्तू घडवली नाही.

शेडमध्ये त्यांची मधली बहीण आधीच येऊन बसली होती. तिला सगळे आत्याबाई म्हणत. गाड्यांची सीटकव्हरे आणि सोफ्याच्या गाद्या शिवण्यात तिची तीस वर्षे गेली होती, आणि नव्या सीटचे काम तिच्याकडेच होते. मात्र ते काम अंगावर घेऊनही तिचा या सगळ्याला विरोध होता, आणि तो ती प्रत्येक टाक्यागणिक बोलून दाखवी.

"आलास? बघ, नानांच्या गाडीचं काय करून ठेवलंय," ती धाकट्यांना म्हणाली. "मी म्हटलं, अगं, होती तशी नीट कर. तर म्हणते, आत्या, ही फॅशन आहे. निम्मी गाडी काढून टाकायची, त्याला फॅशन म्हणतात."

"तुम्हीच ना त्या फॅशनची गादी शिवताय?" काकू चहाचे कप घेऊन येत होत्या. त्या निवृत्त परिचारिका. कुणाचीही नाडी पाहिल्यासारखे रोखून बोलत. "मग बसायचं कुणाच्या बाजूला, ते तरी ठरवा."

"मी पोरीसाठी शिवतेय, वहिनी. दादासाठी नाही."

अशी ती सकाळची बाजूंची मांडणी होती: आत्याबाई धाकट्या भावाच्या पक्षात, काकू पुतणीच्या, आणि थोरले कुणाच्याच नाहीत, कारण आपल्याला पक्ष असण्याचा अधिकार उरलेला नाही अशी त्यांची धारणा होती.

धाकटे घड्याळजी होते. बाजारपेठेतल्या आपल्या अरुंद दुकानात, डोळ्याला भिंग लावून, समोर पडलेल्या वस्तूकडे पुष्कळ वेळ नुसते पाहायचे आणि मगच तिला बोट लावायचे, ही त्यांची चाळीस वर्षांची वृत्ती. त्यांनी चासीभोवती एक पूर्ण फेरी घातली. वेल्डिंगच्या जुन्या शिवणीवरून अंगठा फिरवला. मागच्या चाकाच्या जागेपाशी ते थोडे अधिक थांबले. थोरल्यांनी त्या वेळी उगाचच फडके झटकले.

शेवटी धाकट्यांनी खुर्ची ओढली आणि मुलीला सांगितले, की इथवर आणलीच आहे तर काप. चालवायची की नाही ते काम झाल्यावर बघून सांगेन.

तो होकार नव्हता. पण नकारही नव्हता, आणि थोरल्यांना तेवढेही पुष्कळ होते.

चासी नेमकी कुठे कापायची ते सीटच्या पत्र्यावरून ठरणार होते. ठिणगीने आणि आत्याबाईंनी मिळून तो पत्रा वाकवला होता. तो जिथे वर वळत होता तिथपर्यंतची लांबी मोजायची, तेवढीच लांबी चासीवर आखायची, आणि तिथे कापायचे. पत्रा मधे खोलगट असल्यामुळे ताठ पोलादी पट्टी त्याच्यावर बसेना. लवचीक टेप हवा होता. थोरल्यांनी खिळ्यावरून नानांचा टेप काढला.

त्या टेपचे पहिले दहा सेंटिमीटर नव्हते. धाकट्यांनी पाच वर्षांचे असताना पत्रा कापायच्या कात्रीने ते कापून त्यांची तलवार केली होती. नाना रागावले नाहीत, आणि त्यांनी टेप टाकलाही नाही. पहिले दहा गेले म्हणून पुढचे दोनशे नव्वद खोटे ठरत नाहीत, असे ते म्हणत. त्यांनी घरात एक रीत घालून दिली: वाचणाऱ्याने दिसेल तो आकडा मोठ्याने सांगायचा, आणि खूण करणाऱ्याने त्यातून दहा वजा करायचे. या घरातली तिन्ही मुले त्या टेपवर मोजू लागली, आणि शाळेच्या पट्टीवरही सवयीने दहा वजा करून प्रत्येकाने कधी ना कधी मार खाल्ला.

टेप पाहताच धाकट्यांनी हात पुढे केला. थोरल्यांनी तो त्यांच्या हातावर ठेवला. बोटांना बोटे लागली नाहीत. दोघांनीही तेवढी काळजी घेतली. मग धाकट्यांनी पत्र्यावर टेप बसवला, वाकून पाहिले, जरा वेळ घेतला, आणि म्हणाले, "चौपन्न."

थोरल्यांनी पोलादी पट्टी चासीवर धरली, खडूने खूण केली, दुसऱ्या नळीवरही तशीच केली. खूण शॉकअपच्या बोल्टच्या जेमतेम दोन बोटे मागे आली. शेपटी फारच आखूड वाटली त्यांना. पण या गाड्यांची शेपटी आखूडच असते हे ठिणगीने दाखवलेल्या छायाचित्रांत त्यांनी पाहिले होते. आणि खुणेविषयी शंका काढायची म्हणजे भावाला काही विचारावे लागले असते. ते त्यांनी केले नाही.

ठिणगीने जाड चष्मा चढवला आणि ग्राइंडर सुरू केला. नारिंगी कणांचा झोत भिंतीपर्यंत गेला. आत्याबाईंनी कान झाकले आणि डोळेही मिटले. आधी डावी नळी, मग उजवी. आणि चासीचा मागचा तुकडा वाळूच्या घमेल्यात पडला.

आत्याबाईंनी सीटचा पत्रा आणून चासीवर ठेवला, आणि मागे सरून पाहिले. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पत्र्याचा वळलेला भाग चासीच्या टोकापलीकडे जवळजवळ अर्धी वीत हवेत लोंबत होता.

"हे असं असतं का?" त्यांनी विचारले.

ठिणगीने टेप लावला. पुन्हा लावला. तिचा चेहरा उतरला. चासी चव्वेचाळीसवर कापली गेली होती.

मग धाकटे हळूच म्हणाले, "मी वजा करून सांगितलं होतं."

"मीही वजा केलं," थोरले म्हणाले.

"वाचणाऱ्यानं नुसतं वाचायचं," आत्याबाई कडाडल्या, आणि सकाळची सारी मांडणी त्या एका वाक्याने फिरली. त्या धाकट्या भावावर उलटल्या होत्या. "नानांनी लाख वेळा सांगितलंय. तुला कुणी सांगितलं होतं शहाणपणा करायला?"

"त्याला कशाला बोलता?" काकू म्हणाल्या, आणि आश्चर्य असे, की त्या दिराच्या बाजूने आपल्या नवऱ्याकडे वळल्या. "चौदा वर्षं जो घरात आला नाही, त्याला काय माहीत, इथं अजून कोण काय वजा करतं ते. तुम्ही विचारायचं होतं. एक शब्द. वजा केलंस का? एवढाच. पण विचारलं तर तोंडाला फोड येतात दोघांच्या."

त्या बोलण्यात खोटे काहीच नव्हते. थोरल्यांनी कापलेल्या टोकाकडे पाहिले आणि पन्नास वर्षांच्या सवयीने त्यांच्या मनात दुरुस्तीचा सारा आराखडा आपोआप उभा राहिला. मूळ जागी जोड आला असता तर त्याच्यावर फक्त शेपटीचा भार होता. आता जोड आला होता नेमका चालवणाऱ्याच्या बसण्याखाली. नाल दहा सेंटिमीटर लांब घेऊन नळीला नुसती नळी जोडली तरी तिथे भागणार नव्हते. आतून भरीव पोलादी खुंट्या बसवायला हव्या होत्या, निम्म्या या नळीत आणि निम्म्या त्या नळीत, घट्ट, आणि मग बाहेरून वेल्डिंग. नानांच्या गाडीची नळी जुन्या मापाची. तिच्यात बसेल अशी खुंटी कुठल्याही दुकानात मिळणार नव्हती. ती लेथवर घडवावी लागणार होती.

फडक्याला हात पुसत ते ठिणगीला म्हणाले, की उद्या ओळखीच्या एका कारखान्यात चासी घेऊन जाऊ. तिथला माणूस चांगला आहे, तो खुंट्या करून देईल.

"काका, लेथ इथं आहे," ती म्हणाली.

"आहे. पण त्यावर मी मुठी करतो." ते बाहेर पडून लेथच्या खोलीत गेले, आणि करण्यासारखे काहीच नसल्यामुळे पेटीतली हत्यारे एकामागोमाग एक लावू लागले.

थोड्या वेळाने मागे पावले वाजली. एक पाऊल सरळ, एक ओढल्यासारखे. थोरल्यांनी वळून पाहिले नाही.

"दुसरीकडे कशाला?" धाकटे म्हणाले.

"माझ्या हातचं काही नको या गाडीत. तुझी मुलगी बसणार आहे तिच्यावर."

धाकटे दाराला टेकले. त्यांना फार वेळ उभे राहवत नसे. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. कपाटात ओळीने मांडलेल्या लाकडी आणि पितळी मुठी पाहिल्या. एवढ्या मुठी कुणाच्या दारांना लावतोस, असे त्यांनी विचारले. थोरले म्हणाले, दारे संपली, आता नुसत्या करून ठेवतो.

आणि त्या विलक्षण उत्तरानंतर, जणू तेच दार असावे आणि कुणीतरी त्याची मूठ फिरवावी, तसा चौदा वर्षांचा प्रश्न थोरल्यांच्या तोंडून बाहेर आला.

"छोट्या, तुला माझा राग आहे का?"

साठीला आलेल्या घड्याळजींना छोट्या म्हणणारे आता दुसरे कुणी उरले नव्हते. खोटे बोलायचे नव्हते, म्हणून त्यांनी आधी मनात मोजून घेतले.

"होता," ते म्हणाले. "चार वर्षं होता. पाय दुखला की यायचा. मग पाय दुखायचा, पण राग यायचा नाही. नंतर नुसती न येण्याची सवय राहिली."

"मग दहा वर्षं का नाही आलास?"

"तू बोलावलं नाहीस, दादा."

"मला वाटलं, तू येणार नाहीस."

"हं." धाकट्यांनी नाकातून एक लहानसा आवाज केला, ज्याला त्यांच्या दुकानात हसू समजत. "तू तिकडे वजा केलंस, मी इकडे."

थोरले स्टुलावर बसले. त्यांचे खांदे हलत होते, आणि ते हसत आहेत की काय हे त्यांच्या पाठीवरून धाकट्यांना कळेना. खरे सांगायचे तर ते थोरल्यांनाही नीट कळत नव्हते. धाकट्यांनी जवळ येऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मग तो हात तसाच ठेवून, दुसऱ्या हाताने त्यांनी सदऱ्याच्या खिशातून आपले दुकानातले बारीक मापाचे व्हर्निअर काढून लेथच्या कडेवर ठेवले.

"ते बुश कसल्या दांड्याचं होतं?" त्यांनी विचारले.

"माहीत नाही. कोपऱ्यात पडला होता."

"आणि हा?"

"हा माहीत आहे." थोरल्यांनी डोळे पुसले आणि मांडणीवरून एक दांडा उचलला. कोणत्या पोलादाचा, कुठून घेतला, कशासाठी घेतला, हे सारे त्यांनी सांगितले. आणि न विचारता हेही सांगितले, की अपघातानंतर पोलादाची कोणती जात लिहिली आहे हे पाहिल्याशिवाय त्यांनी एकही दांडा घरात घेतलेला नाही.

"मग कर," धाकटे म्हणाले. "मी मोजतो. बोलून मोजतो."

दुपारपर्यंत लेथ चालू होता. त्याच्या आवाजात एक भरदार, सलग नाद होता, जो मुठी घडवताना कधीच उमटला नव्हता. काकूंना तो स्वयंपाकघरात ऐकू आला आणि त्यांनी हातातले काम थांबवून तो ऐकला. पोलादाच्या निळसर कुरळ्या पट्ट्या सुटून थोरल्यांच्या पायाशी साचल्या. पहिल्या कापाला त्यांनी हत्यार मागे घेतले, आणि मग पुन्हा पुढे नेले. धाकट्यांनी नळीचे आतले माप घेतले आणि ते मोठ्याने सांगितले: बावीस पूर्णांक चार मिलिमीटर.

"काही वजा केलंस?"

"काही नाही. दिसलं तसं."

"पुन्हा बघ."

"बावीस पूर्णांक चार, दादा. आणि आता तू काही वजा करू नकोस."

दाराशी उभ्या असलेल्या आत्याबाई या संवादाला हसल्या. पण घरात जाऊन काकूंना म्हणाल्या, की दोघे म्हातारे पोरांसारखे एकमेकांना आकडे विचारताहेत, आणि मग पदराने डोळे टिपू लागल्या. काकूंनी त्यांना पाणी दिले, आणि कांदे आज आधीच चिरून झाले आहेत, तेव्हा दुसरे कारण शोधा, असे सुचवले. सकाळपासून या दोघी प्रथमच एका बाजूला होत्या.

खुंट्या हाताने आत जात नव्हत्या आणि हातोडीच्या हलक्या ठोक्याने जात होत्या. थोरल्यांना हवे होते तसेच. पुढचे वेल्डिंग ठिणगीने केले. तिने मुखवटा चढवला, आणि दोघे भाऊ पाठ फिरवून शेडबाहेर उभे राहिले. शिवण थंड झाल्यावर धाकट्यांनी डोळ्याला भिंग लावून ती दोन्ही बाजूंनी, खालून, वरून पाहिली. एका जागी त्यांनी बोट ठेवले. ठिणगीने तेवढा भाग घासून काढला आणि पुन्हा भरला. त्यांनी पुन्हा पाहिले आणि मान हलवली.

मागचे चाक, शॉकअप, नाल आणि सीटचा उघडा पत्रा बसवायला चार वाजले. नवे हँडल आणि मागे नेलेले फुटरेस्ट ठिणगीने आधीच तयार ठेवले होते, तेही लावले. गाडी ठोकळ्यांवरून खाली उतरली, आपल्या दोन चाकांवर टेकली, आणि इंजिनावाचूनही ती कुठेतरी निघाल्यासारखी दिसू लागली. ठिणगी बसायला पुढे झाली.

"थांब," धाकटे म्हणाले. "आधी मी."

कुणी विरोध केला नाही. थोरल्यांनी मात्र पुढे होऊन दोन्ही हात चासीखाली, बरोबर त्या जोडाखाली, धरले. त्या हातांनी काय आवरले जाणार होते, हे कुणी विचारले असते तर त्यांना सांगता आले नसते. धाकट्यांनी डावा पाय हाताने उचलून पलीकडे टाकला आणि ते हळूहळू खाली बसले. शॉकअप दबले, क्षणभर थांबले, आणि थोडेसे वर आले. नुसत्या पत्र्यावर बसलेल्या त्या कृश, पांढऱ्या केसांच्या माणसाने खालच्या हँडलवर हात ठेवले आणि पाठ वाकवली.

"वहिनी, माझा चहा इथेच आणा," ते म्हणाले.

चहा आला. त्यांनी तो गाडीवर बसूनच घेतला, बशीत न ओतता, घोट घोट, आणि त्या घरात इतका सावकाश चहा कुणी प्यायल्याचे कुणाला आठवत नव्हते. मधेच ते मुद्दाम जोर देऊन एकदा खाली दबले. थोरले जोडाकडे टक लावून होते. शिवण जशीच्या तशी होती. कप निम्मा झाला तेव्हा त्यांनी एक हात काढून घेतला. कप रिकामा झाला तेव्हा दुसरा काढला, आणि मग प्रथमच जोडावरून नजर उचलून त्यांनी भावाच्या चेहऱ्याकडे पाहिले.

धाकटे खाली आपल्या डाव्या पायाकडे पाहत होते. तो फुटरेस्टवर ठेवण्याचा त्यांचा प्रयत्न चालला होता, आणि गुडघा अर्ध्यावर अडत होता.

"हे फुटरेस्ट पुढे घ्यावं लागेल," ते म्हणाले. "माझा गुडघा एवढा दुमडत नाही."

त्या वाक्याचा अर्थ प्रथम काकूंच्या ध्यानात आला आणि त्यांनी पुढे होऊन रिकामा कप दिराच्या हातातून काढून घेतला.

"बाबा," ठिणगी म्हणाली. "गाडी माझी आहे."

"आहेच. सोमवार ते शनिवार."

थोरले केव्हाच खाली वाकले होते. फरशीवर एक गुडघा टेकून त्यांनी पाना बोल्टला लावला, आणि तो फिरवण्यापूर्वी मान वर केली.

"किती पुढे?" त्यांनी विचारले.

"चार बोटं."

"तुझी की माझी?"

"तुझी," धाकटे म्हणाले.

थोरल्यांनी आपली चार बोटे फुटरेस्टपुढे धरली, भावाने पाय तिथे टेकवून पाहिला, आणि मगच त्यांनी पाना फिरवला.